सरपंचबाईंच्या हाती दप्तर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण आशियातील महिला नेत्यांवर लिहायचे झाले की पाच नावे ठरलेली असतात. सिरिमावो बंदारनायके, इंदिरा गांधी, बेनझीर भुट्टो, खालिदा झिया आणि शेख हसीना. प्रत्येकीच्या आधी वडिलांचे नाहीतर पतीचे नाव येते. आपल्या सातारा-सांगलीतही तेच. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण लोकसभेत गेल्या त्या पती दाजीसाहेबांच्या निधनानंतर. शालिनीताई पाटील राज्याच्या महसूलमंत्री झाल्या, १९८३ मध्ये सांगलीतून लोकसभेवर गेल्या, तरी वसंतदादांच्या पत्नी ही ओळख पुढे आणि काम मागे. आर. आर. आबांच्या निधनानंतर २०१५ च्या पोटनिवडणुकीत सुमनताई पाटील तासगाव-कवठेमहांकाळमधून आमदार झाल्या. घराण्यामुळे दार उघडले हे खरे आहे. पण लिहिणारा तिथेच थांबतो आणि बाई राजकारणातले काम शिकली कुठे, हा महत्त्वाचा भाग राहून जातो. सिरिमावो २१ जुलै १९६० रोजी जगातील पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या तेव्हा विरोधकांनी त्यांना ‘रडणारी विधवा’ म्हणून हिणवले. त्याच बाई १९४१ पासून लंका महिला समितीत खेड्यापाड्यांतून काम करत होत्या. शेतीचे उत्पन्न, मुलींचे शिक्षण, कुटुंबनियोजन हे विषय त्यांनी हाताळले, समितीच्या खजिनदार होत्या, पुढे अध्यक्ष झाल्या. हिशेब, सभा आणि माणसे या तिन्हींची सवय त्यांना पंतप्रधानपदाच्या आधीच होती.

आपल्याकडे ही सवय लागण्याचे ठिकाण ग्रामपंचायत आहे. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांना १९९० मध्ये ३० टक्के जागा दिल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि हे प्रमाण एक तृतीयांश झाले. २०११ मध्ये राज्याने ते ५० टक्क्यांवर नेले. म्हणजे सातारा-सांगलीत अर्ध्या गावांची सरपंच बाई असते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की ‘महिलाराज’ असे मथळे येतात, हार घालतानाचे फोटो येतात. पुढच्या पाच वर्षांत त्या बाईचे काय होते याची बातमी सहसा येत नाही. आली तर ती अपात्र ठरल्याची असते.

आम्ही पत्र लिहिणारे सगळे पंचायतीच्या कामातले आहोत. कोणी निवृत्त ग्रामसेवक, कोणी विस्तार अधिकारी, कोणी पद सांभाळून बाजूला झालेल्या सरपंच. आमचे म्हणणे एकच आहे. सरपंचबाईंना धाडस शिकवण्याची गरज नाही, ते त्यांच्याकडे असते. त्यांची कारकीर्द घडते किंवा संपते ती दप्तरात, म्हणजे पंचायतीच्या कागदपत्रांत. प्रोसिडिंग (सभेचे इतिवृत्त), सही, डीएससी (डिजिटल सही), आवक-जावक, जातीचे कागद यांपैकी एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हातात राहिली की पुढचे सगळे बिघडते. म्हणून नेमके काय आणि कुठे बिघडते ते लिहीत आहोत.

सुरुवात उमेदवारीच्या आधीपासून करावी लागते. सासरच्या गावच्या मतदार यादीत नाव आहे का, हे पहिले बघायचे. लग्न होऊन चार वर्षे झाली तरी नाव माहेरच्याच यादीत, अशा कितीतरी जणी असतात, आणि अर्ज भरायच्या दिवशी काही करता येत नाही. १ जानेवारी १९९५ नंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा दाखला हवा. घरी शौचालय असून त्याचा वापर होतो, याचे प्रमाणपत्र हवे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवारी टिकत नाही. पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलेली असावी. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी पावती काढून फाइलला ठेवावी, वाद तिथूनच सुरू होतो.

राखीव जागेवर सगळ्यात जास्त त्रास होतो तो जात पडताळणीचा. बाईची जात वडिलांकडून ठरते, त्यामुळे कागद माहेरचे लागतात. वडील, चुलते, आजोबा यांचे शाळा सोडल्याचे दाखले, महसुली नोंदी, तेही मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेच्या, आधीचे: अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, इतर मागासवर्गासाठी १९६७. माहेर जतला आणि सासर पलूसला असेल तर जिल्हा तरी एकच असतो. माहेर सोलापूर किंवा बेळगावकडचे असले की महिने जातात. त्यात दाखल्यावर नाव माहेरचे, मतदार यादीत सासरचे. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागते. निवडून आल्यावर वैधता प्रमाणपत्र कायद्याने दिलेल्या मुदतीत सादर झाले नाही तर निवड पहिल्या दिवसापासून रद्द समजतात. निकालानंतरच्या मिरवणुकीत हे कोणाच्या लक्षात राहत नाही. पॅनलप्रमुख ‘बघू की’ म्हणतात आणि मुदत संपते. ज्या मुलीला पुढे राजकारणात यायचे आहे तिने निवडणुकीची वाट न बघता हे प्रमाणपत्र काढून ठेवावे. निवडणूक खर्चाचा हिशेबही निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. एक रुपयाही खर्च झाला नसेल तरी तसा हिशेब भरून पोच घ्यावी लागते. तो दिला नाही म्हणून पाच वर्षांपर्यंत अपात्र होता येते, आणि हिशेब देणे हे पॅनलच्या कार्यकर्त्याचे काम समजून स्वतः उमेदवार गाफील राहते.

आता प्रोसिडिंग. मासिक सभा दर महिन्याला घ्यायची, तिची नोटीस तीन दिवस आधी सदस्यांना पोचवायची. सभेच्या दिवशी वहीत तारीख, वेळ, हजर सदस्यांच्या सह्या, मग विषय क्रमांक, ठराव क्रमांक, चर्चा, सूचक, अनुमोदक आणि शेवटी सर्वानुमते की मतदानाने, असा क्रम असतो. बऱ्याच गावांत त्या दिवशी फक्त हजेरीच्या सह्या होतात आणि ठराव नंतर सवडीने लिहिले जातात. दोन ठरावांमध्ये अर्धे पान कोरे सोडलेले असते. त्या कोऱ्या जागेत महिन्याभराने गायरानातली जागा भाड्याने देण्याचा ठराव उतरतो, आणि खाली सरपंचबाईंची सही आधीच असते. चौकशीत ती सही नाकारता येत नाही, कारण ती खरीच असते. उपाय अवघड नाही. सभा संपायच्या आत ठराव लिहून घ्यायचे, मोठ्याने वाचायला लावायचे, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची, उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारून ‘कोरे’ असे लिहायचे आणि मग सही करायची. पानांना क्रमांक आहेत का हे पहिल्याच सभेत तपासायचे. ‘आयत्या वेळचे विषय’ हा रकाना विशेष जपावा. ज्यात पैसा किंवा जमीन आहे असा विषय आयत्या वेळी येत असेल तर तो पुढच्या सभेच्या नोटिशीत घ्या, असे सांगण्याचा सरपंचाला पूर्ण अधिकार आहे. वही घरी नेऊन सही करण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. ‘वहिनी, एवढी सही करा’ म्हणत शिपाई दारात उभा राहतो, वहिनी चुलीपुढे असतात, आणि खाली काय लिहिले आहे ते वाचायला वेळ मिळत नाही.

सरपंचाची निवड थेट मतदारांतून होत असल्यामुळे सरपंच एका गटाच्या आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, असे पुष्कळ गावांत होते. मग विरोधक सभेला येत नाहीत आणि गणपूर्ती होत नाही. अशा वेळी कंटाळून सभा बोलावणेच सोडून देणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. सभा न बोलावल्याचा ठपका सरपंचावर येतो, गैरहजर सदस्यांवर येत नाही. नोटीस काढावी, तिची पोच घ्यावी, ठरल्या वेळी बसावे, गणपूर्तीअभावी सभा तहकूब असे लिहून सही करावी. ग्रामसभेचेही तसेच. वर्षात चार ग्रामसभा व्हायला हव्यात. सबळ कारणाशिवाय दोन चुकल्या तर सरपंचपद जाते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. तहकूब झालेल्या सभेला ही अट नसते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, पण दोन्हींच्या सह्या एकाच दिवशी, एकाच चटईवर उरकल्या जातात. महिला सभा खरी व्हायची असेल तर वेळ बायकांच्या कामाप्रमाणे ठरवावी लागते. तासगाव-मिरज भागात २ ऑक्टोबरच्या सुमाराला द्राक्षाच्या छाटणीची घाई असते, वाई-कोरेगाव पट्ट्यात हळद शिजवायचे दिवस आले की सकाळपासून बायका रानात असतात. सकाळी अकराची सभा ठेवली की येतात त्या ठरलेल्या पाच-सहा जणी. संध्याकाळी जेवणाच्या आधी, वस्तीवरच्या समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत सभा ठेवली तर फरक पडतो. तिथे झालेले ठराव ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत, नाहीतर तेही वहीतच राहतात.

पैशाचा विषय याहून नाजूक आहे. पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागत. आता वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवरून जातात आणि सहीच्या जागी डीएससी असते. बिल ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) तयार करतो, सरपंच ते मंजूर करते. सरपंचाचा डीएससी म्हणजे पेनड्राइव्हसारखे दिसणारे टोकन आणि त्याचा पिन. बहुतेक ठिकाणी दोन्ही टोकने एकाच डब्यात, संगणक ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात असतात, आणि पिन डब्याच्या झाकणावर चिकटवलेला असतो. म्हणजे दोन माणसांनी दोनदा तपासायची जी व्यवस्था केली होती ती एकाच माणसाच्या हातात गेली. पुढे भरारी पथक आले की मंजुरी सरपंचबाईंच्या नावाची निघते. टोकन पर्समध्ये ठेवावे, पिन स्वतः बदलावा, बिल मंजूर करायला आठवड्यातला एक वार ठरवून पंचायतीत स्वतः बसावे. डीएससी काढताना बाईंचाच मोबाइल नंबर आणि ईमेल द्यावा. नवऱ्याचा नंबर दिला की संदेश त्याच्याकडे जातात, आणि पुढे पाच वर्षे कारभारही त्याच्याकडे जातो. टोकनची मुदत संपते त्याची तारीख लिहून ठेवावी, नाहीतर मार्चअखेरीला बिले अडकतात.

बिल मंजूर करण्याआधी पाच कागद बघायचे: ठराव, अंदाजपत्रकासह तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि कामाचा फोटो. यांतली मोजमाप पुस्तिका समजायला अवघड वाटते, पण सिमेंटच्या रस्त्याचे गणित कोणालाही येण्यासारखे आहे. समजा १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीचा रस्ता मंजूर आहे. १०० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. ठेकेदाराने कडेला १५ सेंटिमीटर दाखवून मध्ये १० घातले तर होते ३० घनमीटर. १५ घनमीटर कुठे गेले? एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या सिमेंट लागते, म्हणजे १२० गोण्या. म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी, खालची खडी दाबून झाली की, टेप घेऊन उभे राहावे. कडेच्या पट्टीची उंची मोजावी, दोन्ही पट्ट्यांना दोरी ताणून मधोमध दोरीपासून खालपर्यंत किती भरते ते बघावे. तीन ठिकाणी मोजावे आणि आकडे तारखेसह वहीत लिहावेत. ओतून झाल्यावर निदान सात दिवस, जमल्यास जास्त, पाणी मारले जाते का ते बघावे. उन्हाळ्यात माण-खटावकडे टँकर चालू असताना रस्त्याला पाणी कुठून आणायचे म्हणून हे टाळले जाते आणि पहिल्या पावसाळ्यात वरचा थर सुटतो. काम पावसाळ्यानंतर धरावे, हा निर्णय सरपंचाने आधीच घेतला तर पुढची भांडणे वाचतात. टेप घेऊन बाई उभी राहिली की पहिल्या दिवशी लोक हसतात. दुसऱ्या कामाला ठेकेदार स्वतः फोन करून बोलावतो.

पाण्याचेही असेच. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर धरतात, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर आधी बादलीत पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे आणि अर्धा तास थांबून मग व्हॉल्व्ह उघडायचा. पोते उघडे पडले की क्लोरीन उडून जातो, मग २५० ग्रॅम टाकूनही उपयोग होत नाही. शेवटच्या वस्तीवरच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी) घ्यावी, टाकीखालच्या नळाला घेऊन काही कळत नाही. वर्षाला किती पावडर लागायला हवी आणि साठा नोंदवहीत किती आली, एवढे दोन आकडे जुळवले तरी बऱ्याच गोष्टी उघड होतात.

निधीची विभागणी थोडक्यात: पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा (निम्मा पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर), आणि ४० टक्के अबंधित होता. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांगांसाठी. यांपैकी १० टक्क्यांवर सरपंचबाईंनी एप्रिलपासून लक्ष ठेवावे. उत्पन्न ८ लाख असेल तर हे ८० हजार रुपये होतात. वर्षभर कोणी बघत नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सतरंज्या नाहीतर खुर्च्या घेऊन ते संपवले जातात. पंचायतीच्या नमुना २८ मध्ये मागासवर्गीय आणि महिला-बालकल्याण या दोन्ही खर्चांचे मासिक विवरण असते, ते दर महिन्याच्या सभेत मागावे.

सरपंचाला अविश्वास ठरावाने काढण्याची वाट आता अवघड आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही, नंतर आणला तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. म्हणून विरोधक दुसरी वाट धरतात. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली गैरवर्तनाची तक्रार, जिच्यावर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची चौकशी होऊन विभागीय आयुक्त निर्णय देतात, किंवा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज. अपात्रतेत सगळ्यात जास्त चालते ते अतिक्रमण. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे धरले की सरकारी जागेवर अतिक्रमण घरच्यांनी केलेले असले आणि सदस्य त्या घरात राहत असली तरी ती अपात्र ठरते. घर बांधले सासऱ्यांनी, वीस वर्षांपूर्वी, ओटा पुढे काढला दिराने, आणि पद गेले सुनेचे. त्यामुळे अर्ज भरण्याआधी नमुना ८ चा (घराच्या आकारणी नोंदीचा) उतारा काढून त्यातले क्षेत्र आणि प्रत्यक्ष बांधकाम ताडून बघावे. ओटा, गोठा, शेणाचा उकिरडा रस्त्याच्या जागेत असेल तर काढून घ्यावा आणि काढल्याचा पंचनामा करून ठेवावा. शंका असेल तिथे भूमी अभिलेखची मोजणी घ्यावी. घरातली पुरुषमंडळी ओटा काढायला तयार होत नसतील तर त्यांना निवडणुकीत सून उभी करण्याचाही हक्क नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विचखेडे गावच्या सरपंचबाईंचे पद परत दिले. सासूसोबत सरकारी जागेतल्या घरात राहतात, असा त्यांच्यावर आरोप होता. आपण पती आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचले नाही आणि अधिकाऱ्यांनीही घाईने निर्णय दिला, असे न्यायालयाने सुनावले. वेगळे राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल, रेशनकार्ड वेगळे करून घ्या, हा त्यातून घ्यायचा धडा. दोन महिन्यांतच छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातील एका तरुण सरपंचबाईंचे प्रकरण तिथे आले. कामे रखडवल्याचा ठपका ठेवून त्यांना काढले होते. तीन महिन्यांत कामे संपवा असा आदेश होता, पण तो त्यांच्या हाती पडला तोवर ती मुदत उलटून गेली होती. न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि राज्य सरकारला एक लाख रुपये द्यायला लावले. पत्र कोणत्या तारखेला आले, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला. आपल्याकडे आवक नोंदवहीत तारीख टाकायचा कंटाळा असतो, पत्र थेट ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या पिशवीतून येते. सरपंचबाईंनी प्रत्येक पत्रावर स्वतः ‘आज मिळाले’ लिहून तारीख आणि सही करावी. जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय विरुद्ध गेला तर अपिलाला १५ दिवसच असतात, ते निर्णयाची प्रत मागण्यातच जाऊ नयेत.

एक तरतूद फारच कमी जणींना माहीत असते. बाळंतपणासाठी माहेरी किंवा आजारपणात मुलाकडे पुण्या-मुंबईला राहिले आणि गावातली गैरहजेरी सलग चार महिन्यांवर गेली तर कलम ४० खाली सदस्यत्व जाऊ शकते. त्यासाठी आधी पंचायतीकडे रजेचा अर्ज द्यायचा, ठरावाने रजा मंजूर करून घ्यायची. ती सहा महिन्यांपर्यंत मिळते. विरोधी बहुमत असेल तर अर्जाची पोच सांभाळावी आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावी. बाळंतपणाने पद जाण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

दारूबंदीचा विषय सरपंचबाईंपुढे हमखास येतो. जावळीच्या बायकांनी आडव्या बाटलीच्या (बंदीच्या बाजूच्या चिन्हाच्या) मतदानातून दुकाने बंद करून घेतली हे सातारा जिल्ह्याला माहीत आहे. तिथेही यश-अपयश यादीवर ठरते. मागणीच्या अर्जावर २५ टक्के मतदारांच्या सह्या लागतात, त्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होते. बंदीसाठी एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते पडावी लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्मी चालत नाहीत. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या गावांत निम्मी घरे मुंबईला आणि नावे मात्र इथल्या यादीत. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली गेल्यासारखे होते. म्हणून सह्या गोळा करण्याच्या आधी यादी घेऊन बसावे, मयत आणि कायम स्थलांतरित नावे रीतसर कमी करून घ्यावीत, मुंबईच्या बायकांना मतदानाच्या तारखेला आणायची सोय करावी. मग सह्यांना हात घालावा. घाईने केलेल्या अर्जातल्या सह्या जुळत नाहीत आणि प्रकरण तिथेच पडते.

मानधनाबद्दल एवढेच की सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने ते दुप्पट झाले, दोन हजार लोकसंख्येपर्यंत ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्यापुढे १० हजार. ते सरपंचबाईंच्या स्वतःच्या खात्यात जमा होते का, हे मात्र तपासण्यासारखे आहे.

आपल्या दैनिकाकडून आणि दोन्ही जिल्हा परिषदांकडून आमच्या काही अपेक्षा आहेत. निवडीच्या बातमीत सरपंचबाईंचे स्वतःचे नाव, शिक्षण आणि आधी केलेले काम छापावे, ‘अमुक गटाचे नेते यांच्या पत्नी’ हे वाक्य गाळावे. पतीने पत्रकार परिषद घेतली तर ती सरपंचाची म्हणून छापू नये. सोडत जाहीर होते त्या आठवड्यात वरचे कागद, मुदती आणि अपात्रतेची कारणे चौकटीत द्यावीत, त्याने किती जणींचे पद वाचेल याची आम्हाला खात्री आहे. जिल्हा परिषदांनी प्रशिक्षण पहिल्या मासिक सभेच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी, नवऱ्यांना दाराबाहेर बसवून घ्यावे, आणि त्यात भाषणांऐवजी प्रत्यक्ष प्रोसिडिंग लिहून घ्यावे, टोकन लावून एक बिल मंजूर करायला लावावे, मोजमाप पुस्तिकेचे पान भरायला द्यावे. सोबत लहान मूल आणता येईल अशी सोय ठेवावी. आज सकाळी दहाला सुरू झालेले प्रशिक्षण चहा, सत्कार, जेवण यात संपते आणि हातात एक पुस्तिका घेऊन बाई एसटीने परत जाते.

पाच वर्षांनी आरक्षण फिरते आणि तीच जागा खुली किंवा दुसऱ्या प्रवर्गाची होते. चांगले काम केलेली बाई तिथे घरी बसते, कारण पॅनलला तिची गरज उरत नाही. जिला पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवायची आहे तिने शेवटच्या वर्षात आपली फाइल तयार करावी. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचा पूर्णत्वाचा दाखला, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची पूर्तता, ग्रामसभांच्या इतिवृत्तांच्या साक्षांकित प्रती, जात वैधता प्रमाणपत्र, खर्च सादर केल्याची पोच. पदभार देताना वह्या, शिक्के, टोकन, पासबुक, चेकबुक यांची यादी दोन प्रतींत करावी. चेकबुकातले न वापरलेले चेक क्रमांकासह लिहावेत, कॅशबुकची शिल्लक त्या दिवशीच्या बँक शिलकेशी मिळवून घ्यावी, डीएससी रद्द करण्याचे पत्र द्यावे आणि घेणाऱ्याची सही-शिक्क्याची पोच आपल्या फाइलला लावावी.

कळावे,

आपले विश्वासू,
पंचायतीच्या कामातील काही निवृत्त कर्मचारी व माजी सरपंच,
कोरेगाव (जि. सातारा) आणि तासगाव (जि. सांगली)